फेरफार

महापे, चौथा मजला, संध्याकाळचे सात चाळीस.
एसीचं पाणी बादलीत टपकतंय
आणि देवळाबाहेर चप्पल न सापडलेल्या माणसासारखा
हर्षल केणी माझ्या टेबलाशी उभा.
मॅडम, मी फोर्स पुश केलं.

शलाका भोपीचं तीन दिवसांचं काम,
कांदा-बटाटा मार्केटच्या पावत्या,
तोलाई, हमाली, गोणीमागची तूट,
एका ओळीत गेलं.
शलाका आत्ता रबाळ्याच्या पुढे कुठेतरी बसमध्ये असेल,
खिडकीला डोकं टेकून. तिला सांगायचं कोणी?

खुर्ची ओढ, म्हटलं. माउसला हात लावायचा नाही.
काळ्या पडद्यावर आधी विचारायचं, गिट स्टेटस,
म्हणजे, बाबा रे, मी कुठे उभा आहे?
पंधरा वर्षं मी दिवसातून चाळीसदा विचारते,
त्यात कमीपणा नसतो.

ॲड केलंस म्हणजे माल पाटीत भरलास.
कमिट म्हणजे काटा झाला, पावती फाटली.
पुश म्हणजे ट्रक गेटबाहेर.
आणि फोर्स?
त्याने मान खाली घातली.
दुसऱ्याचा ट्रक खाडीत ढकलून
त्या जागी आपला लावणं.

सकाळी फेच केलं होतंस?
बहुतेक.
बहुतेक नको, रिफ्लॉग बघ.
तिथे सगळं असतं, कुठे गेलास, कुठून परत फिरलास,
कोणती ब्रँच अर्धवट सोडून चहाला गेलास.
ओळी सरकत गेल्या, सरकत गेल्या,
आणि सकाळी दहा बावन्नपाशी
सात खुणांचा एक क्रमांक, अर्धी अक्षरं अर्धे आकडे,
एमएच त्रेचाळीसच्या नंबरप्लेटसारखा.
शलाकाचा ट्रक. बुडाला नव्हता.

हर्षल बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
आमच्या सातबाऱ्यावर असंच आहे.
आजोबांचं नाव खोडलेलं नाही, कंसात घातलंय.
बाजूला फेरफार नंबर.
कुठली जमीन रे?
त्याने खिडकीतून खाली बोट दाखवलं,
जिथे कंपनीच्या दुचाक्या लावतात.
मी तिकडे माझी स्कूटर शोधली, उगाच.

तिच्या क्रमांकावर नवी ब्रँच उभी केली,
त्याचं काम तिच्यात मर्ज करायला घेतलं
आणि एकाच ओळीवर अडलं.
वर तिचं, खाली त्याचं,
मध्ये बरोबरच्या चिन्हांचा बांध.
बांधावरून भांडण झालं तर गावात काय करता?
कोर्टात जातो, म्हणाला. तीस वर्षं.
आपल्याकडे आठपर्यंत वेळ आहे.

सुटे पैसे वर न्यायचे की खाली, एवढीच ती ओळ.
मुळात कोणी लिहिली, म्हणून ब्लेम मारला.
माझंच नाव.
अकरा वर्षांपूर्वी, रात्री एक सतरा,
संदेशात एकच शब्द: तात्पुरतं.
कसली घाई होती आठवत नाही.
नोंदीलाही आठवत नाही, तिला फक्त वेळ माहीत.
अकरा वर्षं प्रत्येक पावतीमागे
पन्नास पैसे, वीस पैसे खाली पडत राहिले,
कोणाच्या तरी खिशातून, वाशीच्या त्या चिखलात.

हर्षल काही बोलला नाही. चांगल्या घरचा आहे.

ओळ दुरुस्त केली.
संदेश काय लिहू?
रात्री एकला वाचणाऱ्याला कळेल असं लिही.
त्याने लिहिलं: भोपी मॅडमचं काम परत जागेवर, चूक माझी.
चूक माझी, ते काढ, म्हटलं.
मग म्हटलं, राहू दे,
आणि खाली माझंही नाव घाल.

तेवढ्यात फोन वाजला. शलाका.
अगं, माझा डबा राहिलाय का तिकडे, टेबलावर?
मी वळून पाहिलं.
आहे, म्हटलं. आहे.